पंचाची मुभा आणि मुक्याची फिर्याद

शर्यत म्हटली की निकाल आला, निकाल म्हटला की पंच आला, आणि पंच आला की त्याच्या नजरेवर भिस्त ठेवावी की नियमाच्या अक्षरावर, हा कज्जा ओघानेच आला. गेवराई तालुक्याच्या पश्चिम अंगाला, शेवगावच्या सरहद्दीकडे कललेल्या चकलांब्याच्या टापूत हा कज्जा कुणालाही नवा वाटणार नाही. कारण निवाडे पाहण्याची आणि सोसण्याची या मुलखाला जुनी सवय आहे. याच तालुक्यातील राक्षसभुवनच्या रणात १७६३ साली पेशवे आणि निजाम यांनी आपला वाद तलवारीने तोडून पाहिला. आणि पुढे १९४८च्या सप्टेंबरात निजामी संपेपर्यंत अव्वल तालुकदाराचा हुकूम, पोलिस अमिनाची मर्जी आणि गावपंचांचा शब्द या तिहींत तारतम्य कसे राखावे, याचे शिक्षण येथील रयतेला पिढ्यान्‌पिढ्या मिळत गेले. आज अमिनाच्या जागी ठाणेदार आहे, चकलांब्याला स्वतःचे पोलिस ठाणे आहे आणि तालुकदाराच्या जागी बीडचे जिल्हाधिकारी आहेत. परंतु कायदा मुंबईत किंवा दिल्लीत होतो आणि त्याचा अर्थ मात्र धुळीत उभे राहून कुणीतरी ठरवतो, ही व्यवस्था काही पालटलेली नाही.

दिवाळी सरली की या जिल्ह्यातील बैल दोन वाटांनी जातो. बहुसंख्य जोड्या ऊसतोडीच्या गाड्यांना जुंपल्या जाऊन पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात, आणि मागे राहिलेल्यांपैकी थोड्या, भाग्यवान म्हणाव्या अशा जोड्या, खुराकावर ठेवून, अंगाला तेल लावून, पोराच्या वरताण कौतुकाने पटासाठी तयार केल्या जातात. पुणे जिल्ह्याच्या घाटात ज्याला बैलगाडा म्हणतात आणि जिथे गाड्यापुढे घोडी धावते, सांगली-साताऱ्याच्या माळावर जिथे अनेक गाड्या शेजारशेजारच्या पट्ट्यांतून एकाच वेळी सुटतात, त्याच खेळाचे विदर्भ-मराठवाड्यातील रूप म्हणजे शंकरपट. हलका छकडा, दोन बैल, त्यांच्या मागे गुडघे मोडून बसलेला किंवा अर्धवट उभा असलेला धुरकरी, एका टोकाला निशाणवाला, दुसऱ्या टोकाला घड्याळवाला, आणि मध्ये काही सेकंदांचा असा एक धुरळा की ज्यात खरोखर काय घडले हे पाहणाऱ्या हजारांपैकी प्रत्येकाला अगदी स्पष्ट आणि प्रत्येकाला वेगळे दिसते!

या धुरळ्यातून सत्य वेचून काढणे हे पंचाचे काम. निशाण पडण्याआधी जोडी सुटली काय, छकड्याने आपली पट्टी सोडली काय, धुरकरी मध्येच फेकला गेला आणि बैल एकटेच रेषा ओलांडून गेले तर ती धाव धरावी की नाही, असे प्रश्न त्याच्यापुढे क्षणाक्षणाला येतात आणि उत्तर मात्र त्याच क्षणी, गर्दीच्या आरोळ्यांत, बहुधा दोन्ही पक्षांच्या सोयऱ्यांदेखत द्यावे लागते. घड्याळाची तऱ्हा तर आणखीच विलक्षण आहे. हाताने दाबलेल्या घड्याळात दोन अनुभवी पंचांची बोटे सेकंदाच्या एक दशांशाने तरी मागेपुढे होतात, आणि निकाल मात्र शतांशाने लावला जातो. म्हणजे ज्या अंतराला माणसाचे बोट पोहोचू शकत नाही, त्या अंतरावर ट्रॅक्टरसारखी किमती बक्षिसे या हातातून त्या हातात जातात. जाणते पंच म्हणून एक जुनी तोड काढतात : फरक संशयास्पद असेल तर बक्षीस विभागून देतात. नियमपुस्तकाच्या दृष्टीने ही तडजोड होय. पण मला तिच्यात एक प्रकारचा शास्त्रशुद्ध विनय दिसतो. आपल्या साधनाची मर्यादा जिथे संपते तिथे आपला निर्णयही संपतो, असे म्हणणारा न्यायाधीश दुर्मिळच.

परंतु पंचाच्या या मुभेला सीमा कोठे, हा प्रश्न गेल्या दीड दशकात बैलांच्या शर्यतींनी महाराष्ट्रापुढे ज्या तीव्रतेने उभा केला, तितक्या तीव्रतेने दुसऱ्या कुठल्या खेळाने क्वचितच केला असेल. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने प्रदर्शनासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी भारतीय पशुकल्याण मंडळ विरुद्ध ए. नागराज या खटल्यात न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष यांनी तमिळनाडूच्या जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्राच्या शर्यतीही निषिद्ध ठरवल्या. जानेवारी २०१६मध्ये केंद्राने अधिसूचनेने दिलेली सवलत सर्वोच्च न्यायालयाने चार-पाच दिवसांतच स्थगित केली. एप्रिल २०१७मध्ये विधिमंडळाने १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, तिला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, आणि तरीही उच्च न्यायालयाच्या मनाईमुळे माळ ओसच राहिले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

या तारखांच्या सनावळीत न दिसणारा एक काळ आहे, आणि माझ्या विषयाचे खरे मर्म त्या काळात आहे. बंदी होती तेव्हा शर्यती मुळीच होत नव्हत्या, असे म्हणणे म्हणजे दारूबंदीच्या तालुक्यात कुणी पीत नाही असे म्हणणे होय. कुठे पहाटेच्या अंधारात, कुठे यात्रेच्या आडोशाने त्या होत राहिल्या, आणि त्या पाहूनही न पाहण्याचा किंवा न पाहताही गुन्हा दाखल करण्याचा अधिकार ठाण्याठाण्यांतून वापरला गेला. २० ऑगस्ट २०२१ रोजी सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात झरे येथे आमदार गोपीचंद पडळकर यांनी बंदी झुगारून शर्यत जाहीर केली तेव्हा गावोगाव बंदोबस्त लागला, वाटा अडवल्या गेल्या, आणि शर्यत मात्र पहाटे दुसऱ्याच जागी उरकली गेली. पुढे बंदी उठल्यावर शर्यतींवरून दाखल झालेले गुन्हे मागे घेण्याचे धोरण सरकारने जाहीर केले. ज्याच्यावर गुन्हा दाखल झाला त्याची सुटका झाली, हे ठीकच. पण ज्या शेजाऱ्याने कायदा मानून आपली जोडी गोठ्यात बांधून ठेवली आणि जिचे धावण्याचे वय तेथेच सरले, त्याच्या हिशेबाची वही कुणी उघडली नाही. नियम मोडणाऱ्याला पुढे माफी मिळणार आणि पाळणाऱ्याला भरपाई कधीच मिळणार नाही, अशी समजूत एकदा रुजली की पुढच्या प्रत्येक नियमाची किंमत, तो कागदावर उतरण्यापूर्वीच, निम्मी झालेली असते.

आता नियम आहेत आणि ते मोघमही नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, पन्नास हजार रुपयांची अनामत, पशुवैद्यकाचा दाखला, मैदानात रुग्णवाहिका, १००० मीटरांहून अधिक धाव नाही, एका दिवसात एका बैलाला तीनांहून अधिक धावा नाहीत; काठी, चाबूक, पराणी, विजेचा झटका देणारे यंत्र यांना सक्त मनाई; आणि सबंध शर्यतीचे चित्रीकरण करून ते सरकारदरबारी दाखल करण्याची सक्ती. भंग झाल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. घटनापीठाने तर निकालाच्या अखेरीस या नियमांच्या कडक अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हादंडाधिकाऱ्यांवर आणि सक्षम अधिकाऱ्यांवर नाव घेऊन टाकली आहे. म्हणजे पट आता केवळ गावपंचांचा राहिला नाही. पंचाच्या खांद्यामागे पशुवैद्यक, त्याच्यामागे ठाणेदार आणि त्याच्यामागे जिल्हाधिकारी, अशी उतरंड उभी आहे. परंतु शेवटच्या पन्नास हातांत धुरकऱ्याने शेपूट पिरगाळले किंवा तळहातात लपवलेली आर टोचली, हे ज्या एका माणसाला दिसू शकते तो अद्यापि रेषेवरचा पंचच आहे, आणि त्याने मान वळवली तर वरची सारी उतरंड आंधळी होते.

हा पेच केवळ बैलांचा नाही, हे समजण्यासाठी एका सर्वस्वी निराळ्या शर्यतीकडे पाहणे उपयुक्त ठरेल. ओबडधोबड मातीच्या वळणांवरून आणि उंचवट्यांवरून मोटारसायकली उडवीत नेण्याच्या ज्या खेळाला मोटोक्रॉस म्हणतात, त्याचा आरंभ २९ मार्च १९२४ रोजी इंग्लंडमधील कॅम्बर्लीच्या माळावर झालेल्या एका शर्यतीत मानतात. १९५७पासून त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरते, आणि त्याचीच क्रीडांगणातली धाकटी पाती, सुपरक्रॉस, २०२४च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मोठ्या थाटाने अवतरली. या खेळात पुढे कुणी पडला असेल तर वळणावरचा निशाणवाला पिवळे निशाण हलवतो; ते दिसताच पुढच्याला मागे टाकायचे नाही आणि उंचवट्यावरून उडी घ्यायची नाही. पडलेल्यापाशी वैद्यक पोहोचला असेल तर पांढऱ्यावर तांबडी फुली असलेले निशाण येते, आणि मग दोन्ही चाके जमिनीला चिकटवूनच तो टप्पा ओलांडावा लागतो. नियमाचे कारण उघड आहे : उडी घेतलेल्या स्वाराला उंचवट्यापलीकडे कोण पडले आहे हे दिसत नाही, आणि हवेत असताना त्याला थांबताही येत नाही.

मार्च २०१९मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टनच्या शर्यतीत मार्व्हिन मुस्कँ या फ्रेंच स्वाराने हे फुलीचे निशाण असताना उडी घेतली, आणि तो ती शर्यत जिंकला. पंचमंडळाने चौकशी करून त्याचे सात गुण कापले. विजय मात्र कायम ठेवला. यावर तेव्हा पुष्कळ वादंग झाले आणि ते होणे स्वाभाविक होते, कारण गुन्हा सिद्ध आहे आणि जयही सिद्ध आहे, असे म्हणणारा निकाल कुणालाच पूर्णपणे पटत नाही. तरी मला त्यात एक तारतम्य दिसते. कुणी जखमी झाले नव्हते. उडीने जिंकण्याइतका लाभ झाला, हेही निर्विवाद नव्हते. तेव्हा जय हिरावून घेणे अतिरेकाचे ठरले असते, आणि काहीच न करणे हे पुढच्या शर्यतीत पडणाऱ्या स्वाराशी द्रोह करणे ठरले असते. दंड द्यावाच लागला. त्याचे माप ठरवण्याची मुभा मात्र पंचांनी वापरली, आणि ती उघडपणे, आकडा जाहीर करून वापरली.

याच्या उलट टोकाचे उदाहरण त्याच देशातले, १९७७चे आहे. सॅन अँटोनियो येथे १२५ सीसी गटाच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाचा शेवटचा सामना चालू असताना पुढे असलेल्या बॉब हॅनाला त्याच्या यामाहा पथकाने फळ्यावर लिहून कळवले की ब्रॉक ग्लोव्हरला पुढे जाऊ दे. घाईत ‘बाय’ (by) या शब्दाचे हिज्जेही चुकले होते! हॅनाने वेग कमी केला, ग्लोव्हर पुढे गेला, त्याचे आणि सुझुकीच्या डॅनी लापोर्टचे एकूण गुण समसमान झाले, आणि अधिक विजयांच्या निकषावर अजिंक्यपद ग्लोव्हरला गेले. ते त्याच्याकडेच राहिले. हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत फळ्यावर लिहिलेली ती मसलत न्याय्य होती असे आज फारसे कुणी म्हणणार नाही, पण त्या मसलतीने दुखावला गेलेला लापोर्ट बोलू शकत होता, तक्रार करू शकत होता, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोटारसायकलवर बसून आपला हिशेब चुकता करण्याचा प्रयत्न करू शकत होता.

येथेच दोन कसुरींमधला भेद माझ्या दृष्टीने स्पष्ट होतो. निशाणाआधी सुटणे, पट्टी सोडणे, सोयऱ्याला पुढे जाऊ देणे, घड्याळाचा शतांश हा किंवा तो धरणे, या कसुरींनी प्रतिस्पर्ध्याचा हक्क बुडतो. प्रतिस्पर्धी समोर उभा असतो, भांडतो, समजूत घातली तर ऐकतो, आणि विभागून दिलेल्या बक्षिसावर राजी होऊन संध्याकाळी त्याच पंचाबरोबर चहा घेतो. तेथे पंचाने सढळ हाताने मुभा वापरावी. नव्हे, वापरलीच पाहिजे, कारण गावच्या पटात पहिल्यांदाच जोडी घेऊन आलेल्या पोराला आणि पंधरा मैदाने मारलेल्या मुरब्बी धुरकऱ्याला एकाच काट्याने तोलणे म्हणजे समता नव्हे. परंतु बैलाला टोचलेली आर आणि पडलेल्या स्वारावरून घेतलेली उडी या कसुरी वेगळ्या जातीच्या आहेत. त्यांनी ज्याचे नुकसान होते तो फिर्याद करू शकत नाही. बैलाला वाचा नाही, आणि उंचवट्यामागे बेशुद्ध पडलेल्याला ती त्या क्षणापुरती नसते. माफी देण्याचा अधिकार ज्याचे नुकसान झाले त्याचा असतो. त्याच्या वतीने ती परस्पर देऊन टाकणारा पंच उदार नसतो, तो दुसऱ्याच्या मालकीचे दान करीत असतो. म्हणून ‘पहिल्यांदाच आहे, सोडून द्या’ हे वाक्य निशाणाच्या बाबतीत शोभते, आरेच्या बाबतीत शोभत नाही. आणि नेमके उलटे घडते, हे मराठी मुलखातील बहुतेक मैदानांचे दुखणे आहे. शतांशावरून डोकी फुटतात आणि शेपटाकडे कुणी पाहत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाळण्यासारखा नाही. पटाच्या बैलाला जसा खुराक मिळतो, जशी निगा मिळते, तशी जिल्ह्यातल्या एका तरी कष्टाळू बैलाला मिळते काय, आणि त्याच्या काही सेकंदांच्या धावेवर पाच लाखांचा दंड लटकत असताना सबंध हंगाम ऊस ओढणाऱ्या बैलाकडे कायदा डोळेझाक का करतो, असा तो आक्षेप आहे. पटाचे कैवारी तो ढालीसारखा वापरतात आणि ते मला मान्य नाही, कारण एका गोठ्यातल्या अन्यायाने दुसऱ्या गोठ्यातला अन्याय धुतला जात नाही. परंतु आक्षेपातले वास्तव मात्र शब्दशः खरे आहे. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५चे केंद्रीय नियम आहेत. त्यांनुसार दिवसात नऊ तासांहून अधिक काम घ्यायचे नाही, विसाव्यावाचून सलग पाच तासांहून अधिक जुंपायचे नाही, पारा ३७ अंशांवर गेला असेल तर दुपारी बारा ते तीन या वेळात जनावर जुंपायचेच नाही, आणि गाडीच्या व बैलाच्या प्रकारानुसार ओझ्याची कमाल मर्यादा ठरवणारे एक कोष्टकही त्यांत दिले आहे. बीडचा उन्हाळा ज्याने अंगावर घेतला आहे त्याला ३७ अंशांचे कलम वाचून हसू येईल, आणि लागलीच त्या हसण्याची लाजही वाटेल.

शिक्षेचे माप तर याहून बोलके आहे. १९६०च्या मूळ कायद्याच्या अकराव्या कलमाखाली जनावराला मारहाण करणे, त्याच्यावर अतोनात ओझे लादणे या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. म्हणजे तोच बैल, तोच मालक, तीच वेदना. ती पटावर दिली तर पाच लाखांपर्यंत, आणि उसाच्या गाडीला जुंपून दिली तर फार तर पन्नास. शर्यत हा करमणुकीचा प्रकार आहे आणि ऊस ही पोटाची बाब आहे, हा भेद मी समजू शकतो. ज्या जोडप्याने मुकादमाकडून उचल घेतलेली आहे आणि ज्याची मजुरी मोळ्यांच्या वजनावर ठरते, त्याला पाच लाखांचा दंड ठोठावावा असे कुणी माणुसकी असलेला म्हणणार नाही. तेथे तारतम्य पाहिजेच. पण तारतम्य आणि विस्मरण यांत अंतर असते, आणि पन्नास रुपयांचा दंड सहा दशकांहून अधिक काळ पन्नासच राहणे हे विस्मरणाचे लक्षण आहे. शिवाय जड गाडीचा दोष नेहमी तोडणाऱ्याच्या माथी मारावा, आणि त्याला उचल देणाऱ्याला व गाडी भाड्याने देणाऱ्याला मोकळे सोडावे, ही अंमलबजावणीही पटावरच्या त्या पंचासारखीच एकाक्ष म्हणावी लागेल.

पटाच्या बाजूने करण्यासारखे काम त्या मानाने सोपे आहे. चित्रीकरण होतच असते आणि ते कचेरीत जाऊन पडते. ते तेथे जाण्यापूर्वी, बक्षीसवाटपाच्या आधी, पंचांनी आपल्या दिवसभराच्या निर्णयांची नोंदवही ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवावी : अमुक जोडी निशाणाआधी सुटली, तिला पुन्हा संधी दिली, कारण निशाणवाल्याचा हात दोनदा हलला होता. तमुक जोडीला टोचणी झाली, तिची धाव रद्द केली, आणि येथे कारण सांगण्याची गरज नाही. अशा वाचनाने भांडणे वाढतील असे काही जण म्हणतात. पहिल्या वर्षी वाढतीलही. परंतु मुभा वापरणाऱ्याने ती कशी वापरली हे चारचौघांत सांगावे लागले, म्हणजे सोयऱ्यासाठी वापरलेली मुभा आपोआप कमी होत जाते, हा ग्रामपंचायतीपासून न्यायालयापर्यंतचा अनुभव आहे. पशुवैद्यकाने शर्यतीआधी दाखला देऊन घरी न जाता शर्यतीनंतरही प्रत्येक जोडीच्या पाठीवरून, फऱ्यावरून आणि शेपटाच्या मुळाशी हात फिरवून पाहावा, एवढीच पुस्ती मी या सूचनेला जोडीन. कारण टोचणीचा पुरावा धुरळ्यात दिसत नसला तरी कातड्यावर राहतो.

उसाच्या बाजूला मात्र नवा नियम करण्याची देखील आवश्यकता नाही. १९६५च्या नियमांनी शिपायाहून वरच्या दर्जाच्या पोलिस अंमलदाराला, ओझे मर्यादेबाहेर असल्याचा संशय आल्यास गाडी वजनकाट्यावर न्यायला लावण्याचा अधिकार दिलेला आहे. म्हणजे पटाच्या बंदोबस्ताला निघालेल्या जमादारालाही तो वाटेत वापरता येतो. त्यातही गंमत अशी की त्याला काटा शोधीत फिरण्याचे कारण नाही. कारखान्याच्या दारात येणारी प्रत्येक गाडी मजुरीच्या हिशेबासाठी काट्यावर चढतेच, भरलेली चढते आणि रिकामीही चढते, आणि तिच्या वजनाची छापील पावती तारखेसह व वेळेसह निघते. ती पावती तोडणारा जपून ठेवतो, मुकादम जपून ठेवतो, कारखाना तर वर्षानुवर्षे जपून ठेवतो. ओझ्याच्या कोष्टकाशी ती ताडून पाहण्यापुरती ती अजून कुणी मागितलेली नाही.